एका दवाखान्यामागे नऊ माणसं

चार कोटी चाळीस लाख तास. डिमेन्शिया झालेल्या माणसांना सांभाळण्यात आपल्या देशातल्या घरांचा रोज एवढा वेळ जात असावा. हिशेब सरळ आहे. ‘लासी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या वृद्धांच्या देशव्यापी पाहणीला जोडून स्मृती आणि आकलनाची वेगळी तपासणी झाली होती. तिचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला : साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे. म्हणजे ८८ लाख माणसं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशा माणसाची देखभाल करणाऱ्या आप्तांचे दिवसाला सरासरी पाच तास त्यात जातात. ८८ लाख गुणिले पाच.

हे तास एकापुढे एक मांडले तर पाच हजार वर्षं होतात. मोहेंजोदडो वसलं त्याला साडेचार हजार वर्षांहून थोडा अधिक काळ झाला. त्याहून लांब पल्ल्याचा वेळ भारतातली घरं एका दिवसात खर्च करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच करतात. आठ तासांची पाळी धरली तर हे ५५ लाख माणसांचं पूर्ण वेळेचं काम झालं, तेही एकही रजा न घेता. भारतीय रेल्वेत सुमारे १२ लाख लोक नोकरीला आहेत. साडेचार रेल्वे चालतील एवढं मनुष्यबळ बिनपगारी राबतं आहे, आणि त्याची नोंद कुठल्याही मस्टरवर नाही. जगभरचा अंदाज असा की या देखभालीतले ७० टक्के तास बायकांचे असतात. पाच हजारांतली साडेतीन हजार वर्षं रोज सुना, मुली आणि पत्नी देतात.

आता याच हिशेबातली दुसरी बाजू. लासीच्या पहिल्या फेरीत, २०१७-१८ साली, साठीपुढचे जवळपास ६ टक्के भारतीय घरात एकटे राहत असल्याचं दिसलं. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त. हेच प्रमाण ८८ लाखांना लावलं तर पाच लाखांहून अधिक माणसं अशी निघतात ज्यांची स्मृती ढासळते आहे आणि घरात दुसरं कुणीही नाही. त्यांच्या वाट्याचे पाच तास कुणाच्याच दिवसातून वजा होत नाहीत. वरच्या पाच हजारांतली रोजची तीनशे वर्षं. ती कुणी देत नाही.

मला ही न दिलेली तीनशे वर्षं बाकीच्या दिलेल्या वर्षांपेक्षा जास्त अस्वस्थ करतात. दिलेल्या तासांना निदान साक्षीदार आहे. थकलेली सून आहे, चिडलेला मुलगा आहे, कुणाला तरी आपली व्यथा सांगणारं कुणीतरी आहे. एकट्या माणसाच्या बाबतीत तक्रार करणाराही तोच आणि तक्रार विसरणाराही तोच.

कुणी म्हणेल, डिमेन्शिया झालेल्या माणसाला मुलं आपल्याकडे घेऊन जातात, मग एकट्यांचा आकडा कमी नसेल का? असू शकतो. पण उलट दिशेला ओढणारी एक गोष्ट आहे आणि ती निदानाच्या पद्धतीतच दडलेली आहे. स्मृतीच्या दवाखान्यात रुग्ण आत आला की डॉक्टर विचारतात, “सोबत कोण आलंय?” हा आजार ओळखण्याच्या बहुतेक साधनांना घरचा माहितगार लागतो. १९८९ साली तयार झालेली एक प्रश्नावली तर रुग्णाला दिलीच जात नाही, ती नातेवाइकाने भरायची असते : दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत यांना घरच्यांची नावं आठवतात का, पैशांचा व्यवहार जमतो का, नवीन यंत्र वापरायला शिकतात का. ज्याच्या घरात दहा वर्षं पाहणारं कुणी नाही, त्याची प्रश्नावली कोरीच राहते. जगात डिमेन्शिया झालेल्यांपैकी ७५ टक्के लोकांचं निदान झालेलं नसतं, आणि कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत काही ठिकाणी हे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत जातं, असा आंतरराष्ट्रीय अल्झायमर संघटनेचा २०२१ चा अंदाज आहे. त्या न मोजलेल्यांतही एकटी माणसं सर्वांत मागे उभी असतात.

शिवाय आपल्याकडे निदान न होण्याला एक म्हणही हातभार लावते. साठी बुद्धी नाठी म्हटलं की विषय संपतो. पण ७.४ टक्के याचा अर्थ साठीपुढच्या शंभरांतल्या ब्याण्णव-त्र्याण्णव माणसांना डिमेन्शिया नाही. डिमेन्शिया हा वयाचा हप्ता नाही. तो आजार आहे, आणि आजार असलेल्या माणसाला उपचार आणि आधार दोन्ही लागतात.

हाच हिशेब एका शहराला लावून पाहण्यासाठी हैदराबादकडे येऊ. शहराची लोकसंख्या आज एक कोटीच्या पुढे आहे. भारतात साठीपुढचे लोक २०२२ साली १०.५ टक्के होते. शहर तरुण आहे असं समजून आपण दहाच टक्के धरू. दहा लाख. लासीच्या त्याच तपासणीत शहरी भागातलं डिमेन्शियाचं प्रमाण ५.३ टक्के आलं, ग्रामीण भागात ८.४. शहरातला कमी आकडा घेतला तरी हैदराबादेत ५३ हजार माणसं होतात. त्यातली ६ टक्के एकटी धरली तर सुमारे ३,२००.

तीन हजार दोनशे हा आकडा कोटींच्या रांगेत उभा केला तर दिसतही नाही. मुद्दाम उलट करून पाहिलं, त्याला शहरावर वाटून पाहिलं. २०१८ पासून हैदराबादेत बस्ती दवाखाने सुरू झाले. वस्तीतल्या समाजमंदिरात किंवा पालिकेच्या एखाद्या लहान इमारतीत एक डॉक्टर, एक नर्स, मोफत तपासणी आणि औषधं. शहरात आता असे सुमारे साडेतीनशे दवाखाने आहेत. ३,२०० भागिले ३५०.

नऊ.

एका दवाखान्यामागे नऊ माणसं. मोहेंजोदडोपासून निघालेला हिशेब इथे येऊन थांबतो, आणि मला वाटतं हाच त्यातला खरा थक्क करणारा आकडा आहे. नऊ माणसांची यादी एका कागदावर मावते. नर्सला त्यांची नावं पाठ होऊ शकतात. आणि तरी आज हैदराबादेतल्या एखाद्या वस्तीत हे नऊ जण कोण, असं विचारलं तर उत्तर देणारी व्यक्ती सापडणं कठीण आहे.

त्या नऊ जणांना लागतं तरी काय? १९६९ साली पॉवेल लॉटन आणि इलेन ब्रॉडी या दोन अमेरिकी संशोधकांनी स्वतंत्रपणे जगण्यासाठी लागणाऱ्या कामांची एक यादी केली. ती आजही जगभर वापरली जाते. कामं आठच : फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैसे. त्याआधी १९६३ साली आलेल्या दुसऱ्या यादीत आंघोळ, कपडे घालणं, शौचास जाणं, उठणं-बसणं, नैसर्गिक विधींवर ताबा आणि जेवण अशी सहा मूलभूत कामं होती. डिमेन्शियात आधी आठांची यादी ढासळते, मग सहांची. सहांतलं काही सुटू लागलं की शेजाऱ्यांना कळतं. आठांतलं सुटतं तेव्हा कुणालाच कळत नाही, कारण बाई नीट साडी नेसलेल्या असतात, हसून बोलतात, “जेवलीस का?” म्हणून विचारतात. आधाराची गरज नेमकी या टप्प्यावर असते, आणि माणूस सावरतो तोही या टप्प्यावर.

अशा एका बाईंची कल्पना करू. १९४० साली सुलतान बाजारच्या परिसरात, मराठी घरात जन्मलेल्या. घरात मराठी, बाजारात दखनी, शेजारी तेलुगू. त्यांच्या सकाळपासूनचे आकडे मोजू. हैदराबादच्या बऱ्याच भागांत नळाचं पाणी एक दिवसाआड येतं. म्हणजे वर्षातून सुमारे १८२ वेळा लक्षात ठेवायचं की आज पाण्याचा दिवस, मोटार लावायची आणि टाकी भरली की बंद करायची. कुकरच्या किती शिट्या झाल्या, हे मनात धरायचं. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल मिळून दिवसाला पाच गोळ्या धरल्या तर वर्षाला १,८२५. प्रत्येक गोळीपाशी चूक दोन बाजूंनी होऊ शकते : घ्यायची राहते, किंवा घेतल्याचं विसरून पुन्हा घेतली जाते. साखरेची गोळी दुसऱ्यांदा गेली तर साखर एकदम खाली येऊ शकते, घाम फुटतो, भोवळ येते आणि घरात पाणी द्यायला कुणी नसतं.

मग अंकांचा पाऊस. आधारचे १२, मोबाइलचे १०, एटीएम कार्डावरचे १६, पिनचे ४, ओटीपीचे ६. एकूण ४८ अंक, आणि त्यातले शेवटचे सहा दर वेळी नवे, काही मिनिटांत बाद होणारे. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली मांडलं की धडधाकट माणसाच्या तात्पुरत्या स्मृतीत सातच्या आसपास गोष्टी मावतात. नेल्सन कोवन यांनी २००१ साली ती संख्या चारवर आणली. आपण शहराचे सगळे व्यवहार सहा अंकांच्या ओटीपीवर नेऊन ठेवले, तेव्हा दाराची रुंदी निरोगी माणसाच्या मापानेच घेतली होती.

पैशाचं म्हणाल तर तिथे एक अभ्यास आहे आणि तो नेमका एकट्या माणसांवरचा आहे. अमेरिकेत लॉरेन निकोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकटं राहणाऱ्या ८१ हजारांहून अधिक वृद्धांच्या आरोग्याच्या आणि कर्जफेडीच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. २०२० साली आलेला निष्कर्ष असा : डिमेन्शियाचं निदान होण्याच्या सहा वर्षं आधीपासून बिलं थकायला लागतात. सहा वर्षं. म्हणजे बँकेला जे दिसतं ते डॉक्टरला दिसण्याआधी सहा वर्षं लोटतात, आणि बँक ते दंड म्हणून लिहून ठेवते. आपल्याकडे याच सहा वर्षांत फोन येतो, पलीकडून कुणी पोलीस असल्याचं सांगतं, ‘डिजिटल अटक’ झाली म्हणतं. २०२४ या एका वर्षात भारतीयांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले, असं केंद्र सरकारने संसदेत सांगितलं. आदल्या वर्षीच्या तिप्पट. त्यात डिमेन्शियाच्या उंबरठ्यावरची एकटी माणसं किती, याचा वेगळा रकाना नाही. असायला हवा, कारण १९३० या क्रमांकावर तात्काळ तक्रार केली तर पैसे अडवता येतात, पण आपण फसलो हे लक्षात यायलाही स्मृती लागते.

सुलतान बाजारच्या त्याच बाईंना तपासायला नेलं तर काय होईल? १९७५ पासून वापरात असलेल्या तीस गुणांच्या चाचणीत वर्ष, महिना, वार विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात आणि विचारतात, आपण कोणत्या राज्यात आहोत? या बाई एकही घर न बदलता तीन राज्यांत राहिल्या आहेत. जन्म हैदराबाद संस्थानातला, १ नोव्हेंबर १९५६ पासून आंध्र प्रदेश, २ जून २०१४ पासून तेलंगण. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईंनी “आंध्र” म्हटलं तर गुण जातो. आयुष्यातली जवळजवळ अठ्ठावन्न वर्षं ते उत्तर बरोबर होतं. वजाबाकी तर ज्याने शाळाच पाहिली नाही त्याला कशी जमावी? म्हणून निरक्षरांसाठी आणि भारतीय भाषांसाठी वेगळ्या चाचण्या करणं हे फार मोलाचं काम ठरलं, आणि त्यातलं काही हैदराबादेतच झालं.

पंजागुट्ट्याच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये, लोकांच्या तोंडी निम्समध्ये, डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी स्मृतीचा दवाखाना चालवला. तिथे आलेल्या ६४८ डिमेन्शिया रुग्णांच्या नोंदींवरचा त्यांचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि हैदराबादचं नाव जगभरच्या मेंदुशास्त्रात पोचलं. त्या ६४८ पैकी ३९१ जणांना दोन किंवा अधिक भाषा येत होत्या. एकच भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी ६१.१ व्या वर्षी सुरू झाला होता, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत ६५.६ व्या वर्षी. साडेचार वर्षांचा फरक. हा शिक्षणाचा परिणाम असेल अशी शंका येते, पण शाळेत कधीच न गेलेल्यांतही फरक दिसला आणि तिथे तो सहा वर्षांचा होता. दोनाहून जास्त भाषा आल्याने आणखी फायदा मात्र दिसला नाही. २०१६ साली याच गटाने अर्धांगाच्या ६०८ रुग्णांवर काम केलं. झटक्यानंतर बुद्धी शाबूत राहिलेल्यांचं प्रमाण बहुभाषकांत ४०.५ टक्के निघालं, एकभाषकांत १९.६.

असा अभ्यास हैदराबादेतच होऊ शकत होता. इथे तेलुगू, उर्दू, मराठी, कन्नड यांची सरमिसळ गल्लीबोळांत आहे, श्रीमंतांपुरती नाही. इथून राजकारणात वर आलेल्या पी. व्ही. नरसिंह रावांनी हरिभाऊ आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेली, ती याच मातीतल्या सवयीने. साडेचार वर्षांचा अर्थ आकड्यांत फार मोठा आहे. पासष्टीनंतर डिमेन्शियाचं प्रमाण साधारण दर पाच वर्षांनी दुप्पट होत जातं. त्यामुळे आजाराची सुरुवात पाच वर्षांनी पुढे ढकलली तर एका वेळी आजारी असलेल्यांची संख्या निम्म्यावर येते. औषधाच्या दुकानात असं काही मिळत नाही.

पण भाषा वापरायला समोर माणूस लागतो. एकट्या घरात तीनही भाषा गप्प होतात. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने डिमेन्शियाची १४ टाळता येण्यासारखी कारणं दिली, ती सगळी दूर झाली तर ४५ टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतात. त्यात सामाजिक एकटेपणाचा वाटा ५ टक्के, ऐकू न येण्याचा ७ टक्के. हैदराबादच्या ५३ हजारांना हे प्रमाण जसंच्या तसं लावणं धाडसाचं आहे, तरी विचार म्हणून लावून पाहिलं तर एकटेपणाच्या नावावर अडीच हजारांहून अधिक माणसं येतात. एकटेपणा हा या आजाराचा परिणाम आहे आणि कारणही आहे. आजार वाढतो तशी मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी सुटते आणि पहिली मागे उरते. तेलुगू बोलणारी मदतनीस सुलतान बाजारच्या बाईंकडे आली तर एक दिवस दोघींना एकमेकींचं बोलणं कळेनासं होईल. म्हणून शहरातली मराठी साहित्य परिषद, मराठी ग्रंथ संग्रहालय, जुन्या शाळांचे माजी विद्यार्थी यांना मी या हिशेबाबाहेर ठेवत नाही. वर्षानुवर्षं गणपतीला आणि व्याख्यानाला येणारं कोण यायचं थांबलं, हे त्यांना कुठल्याही सरकारी खात्याआधी कळतं.

मुलं कुठे आहेत? पुष्कळांची अमेरिकेत. हिवाळ्यात हैदराबाद आणि कॅलिफोर्निया यांच्यात साडेतेरा तासांचं अंतर असतं. मुलगा रात्री नऊला निवांत होतो तेव्हा आईकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. दहा मिनिटं व्हिडिओवर बोलणं होतं. आई छान दिसते, नातवाची चौकशी करते. बोलण्याचे रिवाज फार उशिरापर्यंत टिकून राहतात, त्यामुळे दहा मिनिटं कुणीही निभावून नेतं. दिवसात १,४४० मिनिटं असतात. उरलेली १,४३० मुलाला दिसत नाहीत, आणि यात त्याचं प्रेम कमी पडत नाही.

पैशांचा हिशेब काढताना हात थांबतो. तेलंगणात वृद्धांना ‘आसरा’ योजनेतून २०१९ पासून महिना २,०१६ रुपये मिळत आले. दिवसाला ६७. ते सगळे केवळ देखभालीवर घातले आणि पाच तासांना वाटले तर ताशी साडेतेरा रुपये. हे देशातल्या उदार पेन्शनांपैकी एक आहे. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा वाटा ६० ते ७९ वयासाठी महिना २०० रुपये, म्हणजे ताशी एक रुपया तेहतीस पैसे. ऐंशीनंतर ५०० रुपये. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. ते मोठं पाऊल आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होतं. डिमेन्शियाचा खर्च रुग्णालयात होत नाही. तो घरी, रोज, पाच तासांच्या हप्त्याने होतो. भारतात या आजाराचा एकूण भार २०१० सालीच १४,७०० कोटी रुपयांचा काढला गेला होता आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग घरच्यांच्या बिनपगारी श्रमांचा होता.

आणि ३,२०० हा आकडा स्थिर नाही. लासीत साधारण पाचांतले एक वृद्ध केवळ जोडीदाराबरोबर राहताना आढळले. हैदराबादच्या ५३ हजारांना हे लावलं तर दहा हजारांहून अधिक जोडपी अशी की त्यातला एक दुसऱ्याची स्मृती बनून राहिला आहे. तो गेला की दुसरा त्याच दिवशी एकट्यांच्या यादीत येतो. अमेरिकेत डिमेन्शिया किंवा त्याआधीचा सौम्य बिघाड असलेल्या वृद्धांपैकी चारांतला एक आज एकटा राहतो. हैदराबाद त्या वळणावर गेलं तर ३,२०० चे १३ हजार होतील, आजच्या लोकसंख्येतच. देशातले साठीपुढचे लोक २०२२ मध्ये १४.९ कोटी होते, २०५० पर्यंत ते ३४.७ कोटी होतील असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. त्याच काळात ऐंशीपुढच्यांची संख्या जवळपास चौपट होईल.

जपान आपल्यापुढे काही दशकं चालतो आहे. तिथल्या पोलिसांनी २०२४ सालचा हिशेब दिला : ७६,०२० माणसं आपापल्या घरात एकटी असताना मेली, त्यातली ५८,०४४ पासष्टीपुढची. २०२३ साली डिमेन्शिया असलेल्या १९,०३९ माणसांच्या बेपत्ता झाल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. श्रीमंत आणि शिस्तीच्या देशाचे हे आकडे आहेत. पण त्याच जपानने २००५ पासून सामान्य लोकांना दीड तासाचा वर्ग द्यायला सुरुवात केली : डिमेन्शिया म्हणजे काय, गोंधळलेला वृद्ध माणूस दिसला तर कसं बोलायचं. दुकानदार, बँकेतले कारकून, बसचालक, शाळेतली मुलं. एक कोटीहून अधिक लोकांनी हा वर्ग केला आहे. हैदराबादेत एक लाख लोकांना शिकवायचं म्हटलं तर दीड लाख तास लागतील. शहरातल्या ३,२०० एकट्या माणसांना रोज न मिळणारे तास आहेत १६ हजार. म्हणजे हा खर्च त्या उणिवेच्या दहा दिवसांएवढाही नाही.

हे शहर अशा कामात नवखं नाही. १४५६७ ही वृद्धांसाठीची ‘एल्डरलाइन’ आज देशभर चालते. तिची सुरुवात २०१७ साली टाटा ट्रस्ट्स आणि विजयवाहिनी संस्थेने हैदराबादेत केली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ती राष्ट्रीय पातळीवर जाहीर झाली, तेव्हा आधीच्या चार महिन्यांतच दोन लाखांहून अधिक फोन आले होते. अल्झायमर संघटनेची हैदराबाद-दख्खन शाखाही आहे. पण हेल्पलाइन आठ ते आठ, बारा तास चालते, आणि मुख्य म्हणजे एकट्या माणसाला फोन स्वतःच करावा लागतो. स्मृती जात असलेल्या माणसाने पाच आकडे आठवून, आपल्याला काही होतंय हे ओळखून, मदत मागावी अशी तिची रचना आहे. ज्याला सर्वांत जास्त गरज, तोच तिथपर्यंत पोचत नाही. १६ हजार तास म्हणजे आठ तासांच्या पाळीची दोन हजार माणसं. एक कोटीच्या शहराला दोन हजार नोकऱ्या जड नाहीत. जड आहे ते शोधणं.

शोधायची सोय सरकारकडे आहे, फक्त ती उलट्या कामासाठी वापरली जाते. केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, ऐंशीपुढच्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. दाखला आला नाही की वेतन थांबतं. दाखला न देणाऱ्यांत वारलेले असतात, परगावी गेलेले असतात, आणि नोव्हेंबर आला हेच न कळलेलेही असतात. बँकेच्या संगणकात ही यादी पत्त्यासकट आपोआप तयार होते. आसराच्या पैशांकडे दोन महिने कुणी फिरकलं नाही, तीही यादी तयार करता येते. विजेचं बिल वर्षानुवर्षं वेळेवर भरणारं आणि आता सलग तीनदा थकलेलं घर, तेही कुठेतरी नोंदलेलं असतं. या नोंदी माणसाचं वेतन किंवा वीज तोडण्याआधी त्या भागातल्या बस्ती दवाखान्याकडे जाव्यात, आणि तिथल्या नर्सने किंवा आशाताईने पंधरा दिवसांच्या आत त्या पत्त्यावर जाऊन दार वाजवावं. खासगी माहितीचा प्रश्न येईल. त्याचं उत्तर असं की पेन्शनचा अर्ज भरतानाच संमतीची एक चौकट ठेवावी, माणूस ठणठणीत असताना त्याला विचारावं : तुमच्याकडून काही कळेनासं झालं तर कुणी यावं का, आणि आधी कुणाला कळवावं? साठाव्या वर्षी बहुतेक जण हो म्हणतील. आणि ज्याचा दाखला या नोव्हेंबरात आला नाही, त्याच्या दारावर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दवाखान्याचं माणूस गेलेलं असेल. एका दवाखान्यामागे स्मृती जात असलेली अशी एकटी माणसं किती, याचा अंदाज वर काढलाच आहे.